कळी उघडण्याआधी

मार्च आला की आमच्या जेवणाच्या टेबलावर कापलेल्या फुलांचा ढीग पडतो. मी नोएडातल्या एका शाळेत नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवते, आणि वार्षिक परीक्षेत फुलाच्या उभ्या छेदाची आकृती आली नाही असं वर्ष मला तरी आठवत नाही. मुलं पाकळ्या अगदी जीव ओतून रंगवतात, ज्यांना एकही मार्क नाही. मधोमध जे असतं, ज्यासाठी सगळे मार्क आहेत, ते घाईघाईत उरकून टाकतात. एक सुरई काढायची आणि तिला बाण मारायचे, की झालं स्त्रीकेसर. वरचं टोक म्हणजे कुक्षी, मधली मान म्हणजे कुक्षीवृंत, खालचं पोट म्हणजे अंडाशय. इंग्रजी शाळा आहे, त्यामुळे मुलं स्टिग्मा, स्टाइल, ओव्हरी असं लिहितात. मी लाल पेनाने बरोबरची खूण करते आणि मनात मात्र मराठी शब्द म्हणते, कारण मी ते वर्ध्याजवळच्या एका गावात, झेडपीच्या शाळेत पाठ केले होते. इतकी वर्षं दिल्लीकडे काढली, पण कुक्षीची काही स्टिग्मा झाली नाही.

यंदा गठ्ठा पुढे घेऊन बसले तेव्हा रविवारची दुपार होती आणि घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आमची एकुलती एक मुलगी संघमित्रा, म्हणजे मित्रा, आतल्या खोलीत दार लावून बसली होती. तिचे बाबा हॉलमध्ये आवाज बंद करून टीव्ही बघत होते. मित्रा गेल्या वर्षी बारावी झाली, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत थोडक्यात हुकली, म्हणून वर्षभर घरी बसून पुन्हा तयारी करतेय. इकडे त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. परीक्षा मेमध्ये. तिच्या क्लासवाल्यांनी तोवरच्या दिवसांसाठी एक निवासी बॅच काढली आहे. मोबाइल जमा करायचा, आवाराबाहेर पडायचं नाही, घरच्यांनी ठरलेल्या वेळी येऊन भेटून जायचं. जागा भरत आल्यात, आज संध्याकाळी फोन करू, हो की नाही ते सांगा, असा त्यांचा निरोप होता. सकाळी पोहे खाता खाता मित्रा म्हणाली, मी तिथे जाणार नाही आणि परीक्षेलाही बसणार नाही. आवाज चढवला नाही तिने. उठली, प्लेट धुतली, खोलीत गेली.

“तू समजाव तिला,” तिचे बाबा मला म्हणाले. “तुझं ऐकते ती.”

आता घ्या. या घरात कोणाचं मन वळवायचं असलं की माझ्याच हातात चिमटा देतात. त्यांना कल्पना नाही, पण एका हंगामात मी खरोखरच चिमटा घेऊन हेच काम करत होते.

तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. दिल्लीतल्या एका शेती संशोधन संस्थेत, फुलकोबीवर काम करणाऱ्या एका मॅडमच्या हाताखाली. फुलकोबी आपण खातो ती फुलायच्या कितीतरी आधी. तो पांढरा गड्डा कापला नाही, तसाच शेतात उभा ठेवला, तर थंडी सरता सरता तो फाटतो, त्यातून दांडे वर येतात आणि त्यांना चार-चार पाकळ्यांची पिवळी फुलं लागतात. अजूनही मेट्रोतून यमुना ओलांडताना खाली नदीकाठची पिवळी शेतं दिसली की डब्यात कोणीतरी मोहरी समजून कौतुकाने ‘सरसों’ म्हणतं. त्यातला एखादा तुकडा बियाण्यासाठी सोडलेल्या फुलकोबीचा असतो. मला तो ओळखू येतो. मी कोणाला सांगत बसत नाही, पण त्या क्षणी माझ्या बोटांना स्पिरिटचा वास येतो आणि पुढची दोन स्टेशनं मी त्या जाळीघरात असते.

जाळीघर म्हणजे लोखंडी सांगाड्यावर ताणलेली बारीक नायलॉनची जाळी. आत यायला दोन दारं, एकामागे एक. पहिलं पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कारण बाहेरची माशी आत येता कामा नये. जाळीतून ऊन यायचं, वारा यायचा नाही. जानेवारीत आत बरं वाटे. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी आत उभं राहिलं की घाम कानामागून निघून मानेवर यायचा, आणि हात रिकामे नसल्याने तो पुसता यायचा नाही. शिजत्या कोबीचा तो उग्र वास केसांत, ओढणीत, डब्यातल्या पोळीतसुद्धा बसायचा. बाहेर मधमाश्या जाळीला धडका देत राहायच्या. त्यांचा काही दोष नव्हता, आत एवढी फुलं दिसत होती त्यांना.

तर फुलकोबीच्या फुलाची एक गंमत आहे. त्याच रोपाचे परागकण कुक्षीवर पडले तर ती ते घेत नाही. परागकण येऊन बसतात, आणि बसूनच राहतात. त्यांना नळी फुटत नाही, आत अंडाशयाकडे वाट मिळत नाही. दुसऱ्या, परक्या रोपाचे आले की तीच कुक्षी मुकाट वाट देते. थोडक्यात, घरचं नको, बाहेरचं हवं. आणि आमच्या मॅडमना नेमकं घरचं हवं होतं. एखाद्या वाणाचे गुण जसेच्या तसे पुढच्या पिढीत उतरायचे असतील तर त्या रोपाला त्याचेच परागकण द्यावे लागतात. फूल नाही म्हणतंय, आणि आपल्याला बी तर पाहिजे.

यावरचा उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हसले होते. फूल नाही म्हणायला शिकायच्या आत त्याला गाठायचं. कळी उमलायला अजून दोन-चार दिवस असतात, तेव्हा आतली कुक्षी कामाची असते, पण नकार तिच्या अंगात अजून आलेला नसतो. तेव्हा चिमट्याने कळीचं टोक अलगद फाडायचं. आत टाचणीच्या डोक्याएवढी हिरवट, ओलसर कुक्षी दिसते. त्याच रोपाचं खालचं, आधी उमललेलं फूल खुडायचं, उलटं धरायचं आणि त्याचे पुंकेसर तिला टेकवायचे. पिवळा डाग पडला की काम झालं. वरून बटरपेपरची पिशवी, दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिमटा स्पिरिटमध्ये बुचकळायचा, पुढची कळी. दिवसभर हेच. दिवस संपेपर्यंत मान वाकडीच राहायची.

मला हे काम नीट जमत नव्हतं. म्हणजे हात स्थिर होता, नजर चांगली होती, पण मी कळ्या मोठ्या निवडायचे. लहान कळी फाडायला हात धजायचा नाही. जरा अजून फुगू दे, पाकळीचा पिवळा काठ दिसू दे, मग करू, असं म्हणत मी उमलायला आलेल्या कळीवर जायचे, आणि तोवर आतलीला कळायला लागलेलं असायचं. आठवड्याने बघावं तर इतरांच्या शेंगा टम्म फुगलेल्या आणि माझ्या फांदीवर नुसते वाळके दोरे. मॅडम केरळच्या, हिंदी तोडकं, पण बोलणं टोकदार. “वैशाली, तुम हमेशा लेट करती हो,” त्या म्हणायच्या. “बाद में प्यार से पूछोगी तो मना ही करेगी ना.” सगळे हसायचे. मीही हसायचे, काय करणार.

दिल्लीत मुनिरकातली माझी भाड्याची खोली त्या जाळीघराचीच धाकटी बहीण होती. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, इतकी जवळ की हात बाहेर काढला तर तिचं प्लास्टर खरवडता यायचं. दिवसाही ट्यूबलाइट लावायची. माझी रूममेट रुक्साना परभणीची, यूपीएससीची तयारी करणारी. ती खोलीभर येरझारा घालत राज्यघटना पाठ करायची, आणि खोली एवढीशी की तिच्या येरझाऱ्या म्हणजे जागच्या जागी वळणंच. मी संध्याकाळी पिवळी होऊन आले की ती नाक मुरडायची. “आली कोबीची नवरी,” म्हणायची. “जा, आधी आंघोळ कर, मग माझ्या चादरीवर बस.”

ती नवरी म्हणायची त्याला तसं कारणही होतं. त्या हंगामात माझं लग्न ठरत होतं. ठरत होतं म्हणजे माझ्या अंगावरून जात होतं. अण्णांचा, माझ्या वडिलांचा, दोन-तीन दिवसांआड फोन यायचा. मुलगा आपल्याकडचाच, हिंगणघाटचा. दिल्लीत केंद्र सरकारच्या ऑफिसात. घर शिकलेलं, समाजात नाव आहे. मला पुढे पीएच.डी. करायची होती आणि मॅडम मला ठेवून घ्यायला तयार होत्या. हे मी अण्णांना सांगणार होते. कसं सांगायचं याची रुक्सानासमोर तालीमही केली होती. रुक्साना अण्णा व्हायची, खुर्चीत बसून मिशा पिळायची, आणि मी तिच्यापुढे उभी राहून स्पष्ट शब्दांत नाही म्हणायचे. फार सुंदर म्हणायचे.

खरा फोन आला तेव्हा मी जाळीघरात होते. एका हातात चिमटा, चिमट्यात फाडलेली कळी, दुसऱ्या हातात फूल, फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरलेला. अण्णा कधी ओरडणारे नव्हते, हीच तर अडचण होती. ते हळूच म्हणाले, “पोरी, त्यांचा माणूस समोर बसलाय. काय सांगू त्याला?” मला आठवतं, ती कुक्षी उघडी पडली होती आणि उन्हात वाळेल म्हणून मला घाई होती. मी म्हटलं, “तुम्ही म्हणाल तसं, अण्णा.” ते म्हणाले, “शहाणी माझी पोर.” फोन कटला. मी फूल टेकवलं, पिशवी चढवली, चिठ्ठी बांधली, चिमटा स्पिरिटमध्ये घातला आणि पुढची कळी घेतली. ती अगदी लहान होती. मॅडमनी नंतर बघितलं आणि म्हणाल्या, आज तुझं काम चांगलं झालंय.

संसार वाईट झाला असं मी मुळीच म्हणणार नाही. मित्राचे बाबा सरळ माणूस आहेत. माझी एम.एस्सी. लग्नानंतर पूर्ण झाली ती त्यांनीच भाजी चिरून, कपडे वाळत घालून करून घेतली. पीएच.डी.ला नाही म्हटलं नाही कोणी, फक्त तो विषय पुन्हा निघाला नाही. माझं दुःख मोठं नाही, लोकांची केवढी मोठी असतात. पण माझी शेंग भरली, बी धरलं, सगळं छान झालं, आणि तरी मला कोणी विचारलं तेव्हा मी कुठे होते, हा प्रश्न दर मार्चला त्या सुरया तपासताना माझ्यापुढे येऊन बसतो. मग मी चहा करते.

त्या हंगामातली एक दुपार मात्र आठवली की अजून हसू येतं. दुहेरी दारातून कसं कोण जाणे, एक मधमाशी आत शिरली. मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एक माशी म्हणजे या रोपाचं त्या रोपाला, साऱ्या हंगामाचा बट्ट्याबोळ. डॉक्टरेट केलेली माणसं टॉवेल, वह्या, डब्यांची झाकणं घेऊन तिच्यामागे धावत होती, आणि ती बाई निवांतपणे एका उमललेल्या फुलावरून दुसऱ्यावर. शेवटी त्या रांगा बाद कराव्या लागल्या. माशी काही सापडली नाही. दुसऱ्या दिवशी ती मला दिसली, पश्चिमेकडच्या कोपऱ्यात, जाळीच्या आणि खांबाच्या फटीत मरून पडलेली. पाय पिवळ्या गोळ्यांनी भरलेले होते. मी तिला उचलून बाहेर टाकलं आणि कामाला लागले.

मित्रा सहावीत गेली तेव्हा क्लासच्या ‘फाउंडेशन बॅच’मध्ये गेली. सोसायटीतली सगळीच मुलं जात होती. अकरा वर्षांच्या मुलांना डॉक्टर आणि इंजिनियर करण्याचा पाया तिथे घालतात. त्यांनी तिला एक मोठी निळी बॅग दिली, टी-शर्ट दिला आणि बाटली. ती इतकी खूश होती की पहिल्या दिवशी बॅग पाठीवर लावूनच जेवायला बसली. बाबांनी विचारलं, “मग? डॉक्टर होणार ना आमची मित्रा?” ती तोंडात घास घेऊन म्हणाली, “बिल्कुल.” आम्ही दोघं हसलो. बॅग तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होती.

तिच्या बाबांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. माझे सासरे शाळेच्या दाराबाहेर बसून शिकलेले. पाटी आत सरकवायची, मास्तर ती लांबूनच बघणार. त्यांच्या मुलाने दिल्लीत टेबल-खुर्ची मिळवली. आता नात डॉक्टर झाली की ती पाटी कायमची आत गेली, असा यांचा हिशेब आहे. आमच्याकडे एक पद्धत आहे. घरात कोणाचीही परीक्षा असली की नवं पेन आणून बुद्धमूर्तीपुढे ठेवायचं आणि परीक्षेच्या सकाळी ते खिशाला लावून निघायचं. सासऱ्यांनी सुरू केलेली. त्या पेनापुढे हे अजून दर वेळी गंभीर होतात. लोकांच्या घरात मूल देवाला नाही म्हणतं, मांस-मच्छीला नाही म्हणतं. आमच्या घरात शिकायला नाही म्हणायचं कोणाला सुचतच नाही. शिक्षणाच्या ज्या दारातून आपण बाहेर पडलो त्याच दारात कोणी कोंडलं जाईल हे यांना खरंच वाटत नाही. मला वाटायला लागलंय, आणि ते यांच्यापुढे मांडताना माझी बोबडी वळते.

या रविवारीही नवं पेन सकाळपासून मूर्तीपुढे होतं. परीक्षा मेमध्ये, तरी पोह्यांच्या आधीच ठेवलं होतं त्यांनी.

मी लाल पेन बंद केलं आणि मित्राच्या खोलीत गेले. तिच्या खोलीची खिडकी आम्ही दिवाळीपासून बंद ठेवतो, हवा विषारी असते म्हणून. कोपऱ्यात हवा शुद्ध करायचं मशीन घुंघुं करत असतं. भिंतीवर वेळापत्रक, त्याच्या शेजारी पेशींची चक्रं, हाडांची नावं. मुनिरकाच्या खोलीपेक्षा ही खोली चौपट मोठी आहे आणि तरी आत गेल्या गेल्या मला ट्यूबलाइट लावावीशी वाटली. मित्रा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर जीवशास्त्राचं जाड पुस्तक, उघडं, पण ती वाचत नव्हती.

“तुला पाठवलंय ना मला मनवायला?” ती म्हणाली.

“हो,” मी म्हटलं. खोटं बोलण्यात काय अर्थ होता.

“मग बोल.”

मी तिच्या पुस्तकाचं पान बघितलं. तीच सुरई, छापलेली. मी बोट ठेवून विचारलं, “हिला मराठीत काय म्हणतात माहितीय?” ती म्हणाली, “स्टिग्माला? नो आयडिया.” मी म्हटलं, “कुक्षी.” तिने तो शब्द एकदा म्हणून बघितला. “अच्छा आहे, यार,” म्हणाली. मग मी तिला फुलकोबीचं सांगितलं. आजवर कधी सांगितलं नव्हतं. जाळीघर, चिमटा, नाही म्हणायला शिकायच्या आतली कळी, माझ्या वाळक्या शेंगा. अण्णांच्या फोनचंही सांगितलं. ती माझ्या बोटांकडे बघत होती, जणू ती अजून पिवळी असतील.

“आणि एकदा फूल उमललं की मग काहीच नाही करता येत?” तिने विचारलं.

“येतं ना. कुंडीतली रोपं आम्ही एका बंद कपाटात ठेवायचो. आत कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि दार लावून घ्यायचं. हवा कोंदली की तिचा नकार ढिला पडतो. मग देऊ ते घेते.”

“मग ते प्लांट मरतं?”

“नाही गं. शेंगा धरतात. भरतातही चांगल्या.”

“मग प्रॉब्लेम काय आहे?”

हा प्रश्न मला मॅडमना विचारता आला नव्हता. आणि उत्तरही मला तेव्हापासून माहीत होतं, हाताने मोजलेलं. मी म्हटलं, “प्रॉब्लेम तसा काही नाही. वाण शुद्ध राहतं. फक्त पिढीमागून पिढी असंच करत गेलं की रोप किरकोळ होत जातं. उंची कमी, पान लहान, बी थोडं. पहिल्या पिढीत ते कळत नाही.”

मशीन घुंघुं करत राहिलं. मित्राने पुस्तक मिटलं नाही, नुसतं बाजूला सरकवलं.

“आई, मला काय पाहिजे ते मला माहीत नाहीये,” ती म्हणाली. “बाबा तेच विचारतात, मग काय करणार, सांग. मला खरंच नाही माहीत. हे नकोय, एवढंच माहितीये. एवढं पुरतं का?”

मला त्या हंगामातली मी आठवले, आणि रुक्सानाच्या खोट्या मिशा आठवल्या. एकदा आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली अशीच एक नकार दिलेली कुक्षी बघितली होती. रंग लावून, अंधाऱ्या खोलीत. परागकण तिच्यावर चमकत बसले होते आणि खाली सगळी मान काळी, एकही धागा आत उतरलेला नव्हता. मॅडमनी वहीत ‘निकाल: शून्य’ लिहायला सांगितलं. मी लिहिलं. पण मला ती कुक्षी रिकामी वाटली नव्हती. ती वाट बघत होती, आणि कशाची ते तिलाही माहीत असायचं कारण नव्हतं. हे सगळं मला मित्राला सांगता आलं नाही. मी नुसतं म्हटलं, “पुरतं.”

मी उठून खिडकी उघडली. बाहेर काही फार ताजी हवा नव्हती, समोरच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ आणि लिफ्टचा घरघराट. तरी तिने आडकाठी केली नाही.

हॉलमध्ये आले तेव्हा टीव्ही बंद होता. मित्राचे बाबा उभेच होते.

“काय म्हणाली?”

“नाही म्हणाली.”

“आणि तू काय सांगितलंस?”

माझ्या घशात ते जुनं वाक्य तयार होतं, तुम्ही म्हणाल तसं. सवयीने आधी तेच वर येतं. मी ते गिळलं. “अहो, मी पण नाहीच म्हणतेय,” मी म्हटलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी यांना असं सरळ नाही म्हटलेलं मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नसावं, कारण ते रागावले नाहीत, बुचकळ्यात पडले.

“आपणच ढील दिली,” ते हळू आवाजात म्हणाले. अगदी अण्णांसारखं हळू. “आठवीत होती तेव्हाच जरा कडक राहायला हवं होतं. आता हातातून गेली.”

“हो,” मी म्हटलं. “आता उशीर झालाय.”

ते खुर्चीत बसले. त्यांच्याकडे बघून मला रडू येत होतं, कारण हा माणूस मुलीचं वाईट कधीच चिंतणार नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. क्लासवाल्यांचा. टेबलावर माझ्या तपासलेल्या पेपरांवर तो थरथरत सरकत होता. ते बघत राहिले, उचलला नाही. उठले, मूर्तीपुढचं नवं पेन घेतलं, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि शर्टाच्या खिशाला लावलं. मग फोन उचलून माझ्यापुढे धरला. “तूच सांग,” म्हणाले. “मला नाही जमायचं.”

या वेळी माझे दोन्ही हात रिकामे होते. मी फोन कानाला लावला. पलीकडून एक मुलगी गोड, घाईच्या आवाजात म्हणाली, “मॅम, संघमित्रा की सीट कन्फर्म कर दूँ?”

“नहीं,” मी म्हटलं.

“जी? मॅम, आवाज़ नहीं आई.”

मला वाटतं माझा आवाज फुटलाच नव्हता, या शब्दाची सवय कुठे होती त्याला. आतल्या खोलीचं दार मी उघडंच ठेवून आले होते. मी घसा साफ केला आणि पुन्हा म्हटलं, तिथपर्यंत ऐकू जाईल एवढ्याने.